गावंडेकाकूंचा कोरा रकाना

गावंडेकाकूंना कोणी नुसतं "काकू, बऱ्या आहात ना?" असं विचारलं तरी त्या आधी विचारायच्या, "काहून?" आपली तब्येत सांगण्याआधी विचारणाऱ्याचा हेतू काय ते त्यांना कळायला हवं असे. उंच, हाडापेराने मजबूत, नऊवारी पातळ चापून नेसलेलं, आणि बोलताना डावा हात कमरेवर. समोरचा चांगला माणूस आहे याची खात्री पटेपर्यंत तो हात तिथून हलायचा नाही. माझ्याबाबतीत तो हलायला चार महिने लागले.

परवा त्यांची आठवण आली ती माझ्या नातसुनेमुळे. ती इथेच, जबलपूरच्या विजय नगरात, एका छोट्या संस्थेत काम करते. अपंग मुलांसाठी अनुदान मागायचा अर्ज कॉम्प्युटरवर भरत बसली होती. लाभार्थी किती, असा प्रश्न आला तशी माझ्याकडे वळून म्हणाली, "दादी, थोडा बढ़ाके ही लिखना पड़ता है, सगळेच लिहितात." मराठी तिला कळते सगळी, बोलते मात्र अशी, अर्धी इकडची अर्धी तिकडची. मी मनात म्हटलं, बाई गं, तू गावंडेकाकूंच्या हाताखाली एक दिवस काढायला हवा होतास.

मी लग्न होऊन खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आले ते एकाहत्तर साल. युद्ध येऊन ठेपलं होतं. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, फॅक्टरीतली माणसं दोन-दोन पाळ्या करून घरी यायची ती न बोलता जेवून झोपायची. कामाची गोष्ट बाहेर बोलू नका, अशा पाट्या बस थांब्यापासून रेशनच्या दुकानापर्यंत लागलेल्या. आम्ही सगळेच त्या पाळत होतो, पण ते पाट्या लागल्यानंतर. काकू आधीपासूनच पाळत होत्या. काका बावीस वर्षं फॅक्टरीत होते, आणि ते तिथं नेमकं काय करतात हे काकूंना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नाही. एकदा त्यांची नणंद अचलपूरहून आली, अन् भाऊ काय बनवतो म्हणून तीन दिवस पिच्छा पुरवला. शेवटी काकू म्हणाल्या, "भरला डबा घेऊन जातात, रिकामा घेऊन येतात. याच्या पलीकडं मला ठाऊक नाही, तुम्हाला तर अजिबात नको." नणंद फुगली, पण पुन्हा काही विचारलं नाही.

तर या काकू आमच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी. मंडळ म्हणजे काय, हळदीकुंकू, भजन, संक्रांतीला वाण. मी यायच्या थोडंसंच आधी त्यात एक पाळणाघर जोडलं गेलं, ते काकूंमुळे. युद्धाच्या तयारीत कंत्राटावर खोकी बांधायला पुष्कळ बायका लागल्या होत्या. आसपासच्या वस्त्यांतल्या, गरजू, बहुतेक एकट्या. कायम नोकरीतल्या बायकांना ज्या सोयी होत्या त्या या हंगामी बायकांना कुठून असणार? एका दुपारी काकूंना मागच्या चाळीत पोर रडल्याचं ऐकू आलं. जाऊन पाहतात तर दीड वर्षाची पोरगी, कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी, अन् पट्टीचं दुसरं टोक खाटेच्या पायाला. आई कामावर. शेजारणीनं सांगितलं की असं इथं चार-पाच घरांत आहे, मोकळं सोडलं तर पोरं चुलीत हात घालतात. काकूंनी ती गाठ सोडली, पोरीला कडेवर घेतलं अन् तशाच मंडळाच्या हळदीकुंकवाला आल्या. अत्तरदाणीशेजारी ती पट्टी ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं काय पाहिलं ते. त्या दिवशी कोणाच्या घशाखाली खिरापत उतरली नाही म्हणतात. आठवड्याभरात मंडळाच्या हॉलमध्ये साड्यांच्या झोळ्या टांगल्या गेल्या.

पाळणाघर सुरू करणं सोपं, चालवणं कठीण. दूध, सांभाळायला दोन बाया, साबण, औषध. तेव्हापासून आम्ही घरोघर फिरून दाताच्या कण्या केल्या. युद्धाच्या महागाईत लोकांचे हात आखडले, त्यात त्यांचाही दोष नाही. दिवाळीनंतर स्पष्टच झालं की महिनाअखेर दूध बंद करावं लागेल, आणि दूध बंद म्हणजे पाळणाघर बंद. त्याच सुमारास कोणीतरी सांगितलं की सराफ्यातल्या एका जुन्या पेढीचा धर्मादाय ट्रस्ट आहे, शहरातल्या संस्थांना वर्षातून एकदा मदत देतो. अर्ज हिंदीत, चार पानी. माझं शिक्षण इथलंच, हिंदी अक्षर वळणदार. म्हणून काकूंनी मला बोलावलं, अन् अशी मी त्यांची लेखनिक झाले.

हॉलच्या पायरीवर बसून आम्ही अर्ज भरत होतो. काकू मराठीत सांगायच्या, मी हिंदीत लिहायची. संस्थेचं नाव, उद्देश, पदाधिकारी, सहा रकाने भराभर झाले. सातव्याशी घोडं पेंड खायला लागलं. त्यात विचारलं होतं, बालकं किती, त्यांच्या माता कुठे काम करतात, कामाची वेळ कोणती. काकूंनी मला तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "हे कोरं ठेव."

मी म्हटलं, काकू, असं कसं चालेल? तोच तर मुख्य रकाना आहे.

"किती बायका, कोणत्या पाळीला जातात, कधी येतात, हे एका कागदावर लिहिलं की काम किती वाढलं हे कोणालाही हिशोबानं काढता येते. तो कागद सराफ्यात जाणार. तिथं कोण वाचते, तुला माहीत आहे? मला तर नाही."

पाळणाघराच्या हजेरीतही त्या वेळ लिहू देत नव्हत्या. खरं सांगायचं तर हजेरीच नव्हती. कोणतं पोर कोणाचं, कधी आलं, काय खातं, कोणाला दमा आहे, सगळं काकूंच्या डोक्यात. मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं, आणि आजही थोडं वाटतं. मी रकाना कोरा ठेवला.

आठ दिवसांनी अर्ज पोस्टानं परत आला. सातव्या रकान्यावर लाल पेन्सिलीनं मोठं वर्तुळ, खाली लिहिलेलं: माहिती अपूर्ण, संस्था प्रत्यक्षात चालते किंवा नाही याचा खुलासा करावा. मुदत पाच दिवस. मंडळाची सभा भरली, अन् बायकांनी काकूंना असं काही धरलं की विचारू नका. हात दाखवून अवलक्षण केलंत, असं एकीनं तोंडावर सांगितलं. अध्यक्षीणबाई मोठ्या साहेबांच्या पत्नी, मऊ बोलायच्या. त्या म्हणाल्या, खरा आकडा द्यायचा नसेल तर देऊ नका, मनाला येईल तो लिहा, शंभर लिहा, कोण मोजायला येतंय? सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला सांगू.

काकू उठून उभ्या राहिल्या. हात कमरेवर. "खोटं मी लिहिणार नाही, अन् खरं सांगणार नाही. मी स्वतः जाते."

मग उरलं काय? सभा तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बसने शहरात गेलो. ट्रस्टचं ऑफिस एका दागिन्यांच्या दुकानावर, अरुंद जिना, वर गादी आणि लाकडी पेटीसमोर तिवारीजी. ट्रस्टचे मंत्री, म्हणजे आपल्याकडचे चिटणीस. निवृत्त शाळामास्तर, काळी टोपी, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि शांतपणे विचारलं की मुलं किती आहेत. काकूंनी काय उत्तर द्यावं? "क्यों?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिवारीजींचा चेहरा आक्रसला. त्यांचंही चूक नव्हतं. ते म्हणाले, बाई, हा पैसा लोकांनी विश्वासानं दिलेला आहे, कोणाला दिला अन् कशासाठी, याचा जाब मला द्यावा लागतो. मागच्या वर्षी एका अनाथाश्रमाला मदत दिली, पाहायला गेलो तर तिथं कुलूप. मग मी कशावर विश्वास ठेवू?

काकू म्हणाल्या, पाहून विश्वास ठेवा. या, बसा, डोळ्यांनी पाहा. तिवारीजींनी बराच वेळ पेन्सिल बोटांत फिरवली. परवा चार वाजता येतो म्हणाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रस्टची बैठक होती.

आता खरी चूक झाली ती पुढे, आणि ती आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते. काकूंनी तिवारीजी येणार हे कोणालाच सांगितलं नाही. कोण, कधी, कुठे येणार हे आधी बोलून ठेवायचं नाही, ही त्यांची सवय. मलाही बजावलं, तोंडात मिठाची गुळणी धर. मी धरली. आणि त्या दिवशी दुपारी दूध पावडर आणायला आम्ही दोघी रांझीच्या बाजारात गेलो. चारपर्यंत सहज परतणार होतो.

तिवारीजी एक वाजताच आले. खबर न देता पाहिलं म्हणजे खरं दिसतं, असा त्यांचा मास्तरी हिशोब. बसमधून उतरले, थांब्यावरच्या चहावाल्याला विचारलं, इथून किती बायका कामाला जातात? मग नळावरच्या बायकांना विचारलं, कोणत्या वेळी जातात, कधी परततात? खिशातून वही काढली. संपलं. काकूंनी पहिल्या दिवसापासून त्या बायकांना एकच धडा दिला होता, अनोळखी माणूस आकडा किंवा वेळ विचारायला लागला की थेट फॅक्टरीच्या सुरक्षा चौकीवर जायचं. एक धावत चौकीवर गेली, बाकीच्यांनी म्हाताऱ्याला घेरून उभं केलं. कोणी मारलं नाही, पण टोपी चिखलात पडली.

आम्ही पावडरचे डबे घेऊन उतरलो तो शांताबाई, आमच्या पाळणाघरातली मदतनीस, अभिमानानं सांगत सामोरी आली. काकू, आज एक हेर पकडला. काळी टोपी, जाड चष्मा.

काकूंच्या हातातला डबा तिथंच रस्त्यावर राहिला. मी त्यांना पळताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

चौकीत तिवारीजी बाकावर ताठ बसले होते. टोपी गुडघ्यावर, तिच्यावरचा चिखल नखानं काढत होते. वही चौकीवरच्या साहेबांच्या टेबलावर. साहेब जबाबदार माणूस, आवाज न चढवता बोलत होते. त्यांनी काकूंना विचारलं, ओळखता का यांना? ओळखते, काकू म्हणाल्या. मग साहेब म्हणाले की हे सांगतात, ट्रस्टकडून तुमच्या पाळणाघरातली मुलं मोजायला आलो. वहीत इथल्या बायकांबद्दल प्रश्न आहेत, मला लेखी नोंद करावी लागेल. तुमच्याकडे खरोखर मुलं किती, आया कोणत्या पाळीला जातात, सांगा, म्हणजे जुळवून पाहता येईल.

साहेबांनी पुन्हा विचारलं. मी मनात म्हणत होते, सांगा हो काकू, आता तरी सांगा. सांगितलं नाही तर हा माणूस इथून सुटत नाही, आणि त्याला जितका उशीर तितकं आमचं पाळणाघर बुडालेलं. काकूंनी तिवारीजींकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"इनको बाहर बिठाइए," त्या म्हणाल्या. "फिर बताती हूँ."

ज्याच्याकडे मदत मागायची, ज्याची टोपी आपल्यापायी चिखलात पडली, त्याला वर बाहेर घालवायचं? तिवारीजी उठले आणि शिपायाबरोबर ओसरीवर गेले. काकूंनी मलाही डोळ्यांनीच बाहेर काढलं.

ओसरीवर आम्ही शेजारी उभे होतो. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मग विचारलं, "ये हमेशा ऐसी ही हैं?"

मी म्हटलं, जी.

"अठारह साल से अर्ज़ियाँ पढ़ रहा हूँ. सब गिनती बढ़ाकर लिखते हैं. छुपाने वाली पहली बार देखी."

ते रागानं म्हणाले की कसं, मला कळलं नाही.

थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या, मागून साहेब वही घेऊन. प्रकरण मिटलं होतं. काकूंनी तिवारीजींसमोर हात जोडले. तो कमरेवरचा हातही हललेला मी पाहिला. त्यांना हिंदी नीट यायची, पण त्या दिवशी शब्द अडखळत होते.

"भूल मेरी है, पूरी मेरी. मैंने किसी को बताया नहीं था. पैसा नहीं मिला तो पहली तारीख से बच्चे फिर खाट से बँधेंगे. मेरी ज़िद की सज़ा उनको मत दीजिए."

तिवारीजींनी टोपी झटकली, डोक्यावर घातली. म्हणाले, चला, दाखवा.

हॉलमध्ये एका स्टुलावर ते बसले ते दोन तास. शांताबाई लाजून दाराआड. झोळ्या हलत होत्या, मोठी पोरं वाट्या वाजवत होती, एकाला जुलाब लागले होते त्याचं कोणी लपवलं नाही. मग भोंगा झाला. पाळी सुटली. थोड्या वेळानं बायका यायला लागल्या, हातपाय धुऊन, थकलेल्या, परक्या माणसाला पाहून दारातच थबकणाऱ्या. काकू एकेकीला नावानं बोलावत, पोर उचलून तिच्या हातात देत, आज काय खाल्लं, किती झोपलं, खोकला कसा आहे ते सांगत. पाटी नाही, कागद नाही. एकही पोर चुकीच्या हातात गेलं नाही. तिवारीजींनी वही उघडलीच नाही.

शेवटची बाई गेल्यावर त्यांनी माझ्याकडून अर्ज मागून घेतला. पेन्सिल खिशात परत ठेवली, शाईचं पेन काढलं आणि सातव्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं: मैंने स्वयं देखा है. खाली सही केली. काकूंनी ते वाचलं आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. पुष्कळ वेळ बाहेर आल्या नाहीत.

मदत मंजूर झाली. दूध बंद झालं नाही. डिसेंबरात युद्ध झालं, आपण जिंकलो, क्वार्टरमध्ये पेढे वाटले गेले. काचांवरचे कागद निघाले. आणि उन्हाळा लागता लागता कंत्राटाची कामं थांबली. ज्या बायकांनी हिवाळाभर खोकी बांधली त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं कळलं. पाळणाघर आपोआप रिकामं झालं. पोरांना आया मिळाल्या आणि आयांची भाकर गेली. मला भयंकर राग आला होता, पण कोणावर यावा तेच कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी काकू सराफ्यात जाऊन आल्या. त्या बायकांना शिवणयंत्रं घेऊन द्यावी, त्यांना शिकवावं, हॉल तर आहेच, असं त्यांनी तिवारीजींना सांगितलं. ते म्हणाले, कारण बदललं की अर्ज नवा. पुन्हा तीच चार पानं.

माझ्या नवऱ्याची नागपूरकडे बदली झाली होती, सामान बांधून तयार होतं. निघायच्या आदल्या दुपारी काकूंनी मला बोलावलं. त्यानंतर आमची गाठ पडली नाही. काही वर्षांनी आम्ही जबलपूरला परत आलो तोवर काका-काकू दोघंही गावाकडे गेली होती आणि काकू तिथंच वारल्या होत्या. यंत्रं मिळाली, सहा, एवढं मला पत्रानं कळलं होतं. तेव्हा ही दुपार माझ्याकडची शेवटची.

हॉलमध्ये झोळ्या काढून टाकलेल्या, जमीन मोकळी. काकू भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे मिटून सांगत होत्या, मी लिहीत होते. सहा रकाने झाले. सातवा मी सवयीनं सोडला आणि आठव्याला हात घातला.

"थांब," त्या म्हणाल्या. "सात राहिला. आता काही लपवायचं नाही. लिही."

आणि त्यांनी सुरुवात केली. कमला, नवरा नाही, पोरगी दीड वर्षाची होती आता अडीचची, सकाळच्या पाळीला जायची. फुलवती, दोन पोरं, धाकट्याला दमा. रामकली, सासरा आंधळा. हमीदा, पोरगा अजून बोलत नाही, पण ऐकते सगळं. एकेक नाव, एकेक पोर, कोण कोणत्या वेळी यायची, घरात मिळवतं दुसरं कोणी आहे की नाही. न थांबता, न अडखळता. नावं चुकत नव्हती. वर्षभर ज्या बाईनं एक आकडा तोंडातून काढला नव्हता, तिच्याजवळ सगळ्याजणी अशा जपून ठेवलेल्या होत्या. मला रडू येत होतं आणि अक्षर बिघडू द्यायचं नव्हतं. मी अक्षर बारीक केलं, आणखी बारीक केलं, समासात लिहिलं.

"काकू, जागा संपली," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"मागच्या बाजूला लिही," त्या म्हणाल्या, आणि पुढचं नाव सांगितलं.